आधी पासवर्ड मुलीला द्या

प्रश्न : मुलीला सीईटीत ८८ पर्सेंटाइल आहेत आणि केमिकल इंजिनिअरिंगच हवंय. मी २२ वर्षं पीव्हीसी पाइपच्या कारखान्यात आहे. पीव्हीसी ज्या व्हिनाइल क्लोराइड गॅसपासून बनतं त्यानं कॅन्सर होतो, असं वाचलं. म्हणून कॅपच्या (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) फॉर्ममध्ये मीच सगळीकडे कॉम्प्युटर भरलं. पासवर्ड माझ्याकडेच आहे. समजावलं तर म्हणते, “मग तो गॅस गळू न देणारं कुणीतरी लागेलच ना?” हल्ली फार उलट बोलते. काय करावं?

उत्तर : नमस्कार. तुमच्या पत्रात मी थबकले ती पासवर्डपाशी. फॉर्म तिचा, पुढची चार वर्षं तिची, आणि तो उघडायचा अधिकार मात्र तिला नाही. ही काळजी राहिली नाही, दादा, ही जबरदस्ती झाली. आणि ज्याला तुम्ही उलट बोलणं म्हणता, तो मला गेल्या कित्येक महिन्यांत ऐकलेला सगळ्यात चांगला प्रश्न वाटला.

तुमची भीती खोटी नाही. १९७४ साली अमेरिकेत लुईव्हिलच्या पीव्हीसी कारखान्यातल्या कामगारांत यकृताचा अतिशय दुर्मीळ कॅन्सर आढळला. रिअ‍ॅक्टरमध्ये उतरून आतला थर हातानं खरवडणाऱ्यांना सर्वाधिक धोका होता. हवेतल्या या गॅसची मर्यादा तिथे दहा लाख भागांत ५०० होती, ती १ वर आणली. ती पाळायची कशी? रिअ‍ॅक्टर न उघडता पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुणं, उरलेला गॅस ओढून परत वापरणं, गळती मोजणारी यंत्रं बसवणं. नाकावर विसंबून चालत नाही, कारण गोडसर वास येईपर्यंत मर्यादा कितीतरी ओलांडलेली असते. केमिकल इंजिनिअर दिवसभर गॅस हुंगत बसतो हा गैरसमज आहे. गॅस बंदिस्त ठेवण्याची ही सगळी व्यवस्था तोच उभी करतो. तुमच्या कारखान्यात तर गॅस येतच नाही, त्याची झालेली पावडर येते.

फेब्रुवारी २०२३ मध्ये ओहायोत मालगाडी घसरली, तेव्हा टँकर फुटतील या भीतीनं पाच टँकरमधला हाच गॅस मुद्दाम जाळला. त्याची गरज नव्हती, असा निष्कर्ष पुढे सरकारी चौकशीतच निघाला. अशा वेळी रसायन कळणारं माणूस जवळ असणं आणि त्याचं ऐकलं जाणं किती मोलाचं असतं!

८८ ला माटुंग्याची आयसीटी, म्हणजे रसायन तंत्रज्ञान संस्था, अवघड आहे. लोणेरेचं तंत्रज्ञान विद्यापीठ आणि इतर महाविद्यालयं यांचे मागच्या वर्षीचे कटऑफ तिलाच काढू द्या. सुरक्षेची ओढ टिकली, तर पुढे औद्योगिक सुरक्षेची पदविका आहे.

फॉर्म बदलण्याची मुदत मात्र आजच बघा.