विंगरला ट्राय आयते मिळतात का?

प्रश्न: ताई, माझा मुलगा इथं बडोद्यात रग्बी शिकतो. आधी मैदानाच्या मधल्या जागेवर खेळायचा, आता कोचनी विंगवर, म्हणजे अगदी कडेला, टाकलंय तर तोंड पाडून बसतो, म्हणे साइडला उभं राहून काय करू. परवा ट्राय केला, म्हणजे समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे बॉल टेकवला, तर मित्र म्हणाले तुला आयता मिळाला. खरंच तसं असतं का?
– एक आई, दांडिया बाजार

उत्तर: अजिबात नाही हो! त्याला अल्बर्ट रोझेनफेल्डबद्दल सांगा. सिडनीचा, 1885 चा जन्म, उंची जेमतेम साडेपाच फूट, आणि तोसुद्धा आधी मधेच खेळायचा. 1908-09 मध्ये ऑस्ट्रेलियाची पहिली कांगारू टीम इंग्लंडला गेली त्यात तो होता, मग हडर्सफील्ड क्लबनी त्याला बोलावून घेतलं आणि तिथं तो विंगवर गेला. खेळ रग्बी लीग, म्हणजे रग्बीचाच तेरा जणांचा प्रकार, पण विंगरचं काम सगळीकडे तेच. 1911-12 च्या सीझनमध्ये 78 ट्राय, 1913-14 मध्ये 80! शंभर वर्षं उलटली तरी तो 80 चा रेकॉर्ड कुणाला मोडता आलेला नाही.

टीम जबरदस्त होती हे खरंच, कॅप्टन हॅरल्ड वॅगस्टाफ, दुसऱ्या विंगवर स्टॅन्ली मूरहाउस, 1914-15 मध्ये तर त्या सीझनचे चारही मोठे कप जिंकले. मधले खेळाडू समोरच्याला आपल्या अंगावर ओढून घ्यायचे आणि मगच पास द्यायचे, त्यामुळे बॉल बाहेर येईपर्यंत विंगरपुढे एखादाच उरतो. पण त्या एकाचं काय, ते विंगरनीच बघायचं ना! आधी पळत सुटला तर पास मागे राहतो, पुढे जाऊन घेतला तर फॉरवर्ड पासची शिट्टी (रग्बीत हातानं पास पुढे देता येत नाही), उशीर झाला तर डिफेंडर खांदा लावून साइडलाइनकडे रेटतो, आणि पाय रेषेला लागला की सगळ्यांची मेहनत पाण्यात. हे सगळं फुल स्पीडमध्ये, अंगावर माणूस येत असताना, आणि एका सीझनमध्ये 80 वेळा जमवायचं, याला आयतं कोण म्हणेल?

मुलाला पुढच्या मॅचला एवढंच सांगा, बॉल पलीकडच्या साइडला असेल तेव्हा नुसतं उभं राहू नकोस, दोन पावलं मागे रहा आणि आपल्यासमोरचा डिफेंडर आत सरकतोय का ते बघत रहा, तो सरकला की ओरडून बॉल माग.