अर्जेंटिनाचा फुटबॉलपटू मॅराडोना गेला तेव्हा मुंबईतल्या चाळींत लोक का रडले? एवढे दोष असलेल्या माणसासाठी शोक करावा का?

करावा, असं माझं उत्तर आहे. फक्त शोक करताना त्याला कोणाच्या शेजारी बसवतो, याचं भान सोडू नये.

तुम्ही विचारलंय, कोकेन घेणारा, हाताने गोल मारून वर मिरवणारा, पोटच्या पोराला वर्षानुवर्षं नाकारणारा हा माणूस. ना आपल्या देशाचा, ना आपल्या भाषेचा. मग तो गेल्यावर इथे फ्लेक्स का लागले? मी नायगावची. फ्लेक्स लावणाऱ्यांत माझा सख्खा दादा होता. जे जवळून बघितलं तेच सांगते.

आधी तो इथवर पोचला कसा, ते. मुंबई म्हटलं की लोकांना शिवाजी पार्क आणि क्रिकेटच आठवतं. पण पाऊस लागला की नायगाव, परळ, वरळी, वांद्रे इथल्या मैदानांवर चिखलात फुटबॉल रंगायचा, अजूनही रंगतो. कूपरेजला रोव्हर्स कप व्हायचा, १८९१ पासूनची स्पर्धा. मोहन बागान, ईस्ट बंगाल हे कलकत्त्याचे क्लब खेळायला यायचे. मफतलाल, ओर्के या गिरण्यांचे स्वतःचे संघ होते, पोलिसांचा होता, रेल्वेचा होता. म्हणजे फुटबॉल हा आमच्याकडे टीव्हीवरून आलेला खेळ नव्हता. खेळणारा माणूस शेजारच्या खोलीत राहायचा, दुसऱ्या दिवशी लंगडत पाळीला जायचा.

मग १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यातले कितीतरी परत आत गेलेच नाहीत. १९८६ च्या जूनमध्ये दूरदर्शनवर मेक्सिकोचा वर्ल्ड कप लागला तेव्हा आमच्या चाळीत धडधाकट पुरुष दिवसभर गॅलरीत बसून असायचे. आया खानावळीचे डबे करून घर ओढत होत्या. हे सांगायचं कारण, मॅराडोना बघणारे डोळे कोणते होते ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

२२ जून १९८६, रविवार. तिकडे दुपारचे बारा, इथे रात्रीचे साडेअकरा. आमच्या मजल्यावर एकाच खोलीत टीव्ही होता, एका हवालदार काकांकडे. काका स्वतः पोलिसांच्या संघात गोलकीपर होते. खोलीत आम्ही पोरं, उंबऱ्यात मोठी माणसं, गॅलरीत बायका. चित्र हललं की एक जण पत्र्यावर चढून अँटेना फिरवायचा आणि खालून सगळे ओरडायचे, 'आलं, आलं, सोडू नको!'

अर्जेंटिना-इंग्लंड. ५१ व्या मिनिटाला चेंडू उंच उडाला, मॅराडोना आणि इंग्लंडचा गोलकीपर शिल्टन दोघे झेपावले आणि चेंडू जाळ्यात. खोलीत एकच गिल्ला झाला. काका मात्र ताडकन उभे राहिले. 'हात! हात लागलाय!' पुन्हा दाखवलं तेव्हाही ते स्क्रीनवर बोट ठेवून तेच सांगत होते. कोणी ऐकेना. काका चिडून मोरीपाशी जाऊन पाणी प्यायले.

ते परत येऊन बसताहेत तोवर चारच मिनिटांत दुसरा गोल. स्वतःच्या अर्ध्या भागात त्याला चेंडू मिळाला तेव्हा दोघं अंगावर होते. गर्रकन वळून तो दोघांच्या मधून निसटला आणि उजव्या अंगाने सुटला. बुचर आडवा आला, त्याला चुकवलं. फेनविक आला, त्यालाही. शिल्टन पुढे सरसावला, त्याला बाजूला टाकलं आणि मागून पुन्हा धावत आलेल्या बुचरचा पाय पोचायच्या आत चेंडू आत. अकरा स्पर्श, सगळे डाव्या पायाचे. काकांनी दोन्ही हात डोक्यावर ठेवले होते. 'ह्याला गोलकीपर काही करू शकत नाही रे,' म्हणाले आणि रडले. हवालदार माणूस, आम्ही त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं.

मॅराडोना हा अर्जेंटिनाची राजधानी ब्युनोस आयरिसच्या कडेच्या व्हिया फिओरितो नावाच्या वस्तीतला. आठ भावंडं, बाप कारखान्यात कामगार, नळाला पाणी नाही. सोळा पूर्ण व्हायला दहा दिवस बाकी असताना अर्जेंटिनोस ज्युनियर्स या क्लबकडून देशाच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये खेळला. घरी बसलेल्या कामगाराला यात काय दिसलं असेल ते मी वेगळं सांगायला नको.

पुढे १९८४ मध्ये तो इटलीच्या दक्षिणेतल्या नेपल्सला, तिथल्या नापोली क्लबकडे गेला. इटलीच्या उत्तरेतल्या श्रीमंत शहरांत नापोलीचा संघ खेळायला गेला की प्रेक्षक दक्षिणेतल्या लोकांना घाणेरडे म्हणून हिणवणारे फलक धरायचे. त्या संघाला त्याने १९८७ मध्ये इतिहासातलं पहिलं लीग विजेतेपद मिळवून दिलं, १९८९ मध्ये युएफा कप ही युरोपातल्या क्लबांची स्पर्धा, १९९० मध्ये पुन्हा लीग. १९८७ च्या त्या रात्री तिथल्या कब्रस्तानाच्या भिंतीवर कोणीतरी लिहिलं होतं म्हणतात, 'तुमचं काय हुकलं, तुम्हाला ठाऊक नाही.' दादाने हे कुठेतरी वाचलं तेव्हा त्याचा आवाज कापला होता. आमचे बाबा रोव्हर्स कप चुकवायचे नाहीत आणि ते १९८५ मध्येच गेले होते.

आता दोष. तुम्ही ते सगळे एका दमात लिहिलेत, आणि इथेच माझं तुमच्याशी जमत नाही. सगळे दोष एका मापाचे नसतात.

हाताचा गोल ही फसवणूक होती. 'थोडं मॅराडोनाचं डोकं, थोडा देवाचा हात' असं तो नंतर म्हणाला आणि जगाला ते आवडलं. १९८२ मध्ये ब्रिटनशी झालेल्या फॉकलंड युद्धात अर्जेंटिनाची पोरं मेली होती, त्याचा सूड म्हणून तिथल्या लोकांनी तो गोल छातीशी धरला. त्यांचं दुःख खरं होतं, पण शिल्टनने कोणाला मारलं नव्हतं. मॅराडोना गेल्यावरही शिल्टन हेच म्हणाला की त्याच्यात थोरपण होतं, खिलाडूपणा नव्हता, आणि त्याने कधी माफी मागितली नाही. मला शिल्टनचं पटतं.

व्यसनाकडे मी आजार म्हणून बघते. १९९१ मध्ये कोकेन सापडून पंधरा महिन्यांची बंदी आली. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या वर्ल्ड कपमध्ये ग्रीसविरुद्ध गोल मारून कॅमेऱ्यात तोंड घालून ओरडला आणि पुढच्या नायजेरियाच्या सामन्यानंतर एफेड्रिन हे बंदी असलेलं उत्तेजक सापडलं, घरी पाठवला. आमच्या चाळीत त्या दिवशी जी सुतकी कळा होती ती २०२० पेक्षा जास्त होती. गिरण्या बंद झाल्यावर दारूने गेलेली माणसं ज्या मजल्यांनी बघितली आहेत, त्यांना एखादा धडधाकट माणूस डोळ्यांदेखत कसा संपतो हे शिकवावं लागत नाही. २००१ मध्ये बोका ज्युनियर्सच्या मैदानावर निरोपाच्या सामन्यानंतर तो रडत म्हणाला, मी चुकलो आणि त्याची किंमत मोजली, पण चेंडूला डाग लागत नाही. दादाला हे वाक्य पाठ आहे. मला ते अर्धंच पटतं, कारण त्याच्या सगळ्या चुकांची किंमत त्याने एकट्याने मोजलेली नाही.

नेपल्समध्ये १९८६ मध्ये त्याला एक मुलगा झाला. इटलीतल्या न्यायालयाने बाप म्हणून त्याचं नाव लावलं तरी त्याने त्या मुलाला उघडपणे आपलं म्हटलं ते थेट २०१६ मध्ये. तिशीला टेकला होता तो पोरगा. २०१४ मध्ये एक व्हिडिओ बाहेर आला, त्यात मॅराडोना आपल्या मैत्रिणीवर हात उगारताना दिसतो. मारलं नाही, असं तो म्हणाला. तो गेल्यावर, २०२१ मध्ये, क्युबातल्या एका बाईने सांगितलं की ती सोळा वर्षांची असताना त्याने तिच्यावर अत्याचार केला. हे मी हळू आवाजात सांगणार नाही. व्यसनाबद्दल आपण हळहळू शकतो, पण इथे माफ करणारे आपण कोण? ज्यांचं गेलं त्यांनी बोलायचं, आपण ऐकायचं.

आता २६ नोव्हेंबर २०२० ची गोष्ट, कारण तुमच्या प्रश्नाचं मला मिळालेलं उत्तर तिथलंच आहे.

आदल्या रात्री दहाच्या सुमारास बातमी आली. साठ वर्षांचा होता, महिन्याच्या सुरुवातीलाच मेंदूची शस्त्रक्रिया झाली होती. कोरोनाचे दिवस, लोकल सगळ्यांना खुली नव्हती, मंडळाचं कार्यालय बंद. तरी मास्क लावून माणसं जिन्यात जमली. पन्नाशी उलटलेले पुरुष मोबाइलवर तोच गोल बघत होते. मध्यरात्रीनंतर दादा आणि दोन-तीन जण खाली गेले आणि चाळीच्या तोंडाशी असलेल्या मंडळाच्या फळ्यावर खडूने लिहून आले, 'फुटबॉलचा देव हरपला. भावपूर्ण श्रद्धांजली.'

पण तो फळा रिकामा नव्हता. नायगावला पोलीस मुख्यालय आहे, आमच्याकडे घरटी नाही तरी मजल्याला एक पोलीस. दर २६ नोव्हेंबरला त्या फळ्यावर २००८ च्या हल्ल्यात गेलेल्या पोलिसांची नावं लिहिली जातात. रंगीत खडूने तिरंगा काढलेला, खाली नावं. त्यात तुकाराम ओंबळे, ज्यांनी गिरगाव चौपाटीवर कसाबच्या बंदुकीची नळी हातात धरून ठेवली आणि गोळ्या झेलल्या. त्या नावांच्या बरोबर खाली मॅराडोना.

सकाळी दूध आणायला उतरलेल्या काकांनी ते वाचलं. ऐंशीच्या घरातला माणूस, जिना चढून वर आला आणि दादाच्या दारात उभा राहिला.

'पूस ते.'

'काका, तुम्ही असं म्हणता? तुमच्याच टीव्हीवर...'

'मी रात्रभर झोपलो नाहीये त्याच्यासाठी. पण ती ओळ ओंबळ्यांची आहे. त्याला वेगळी जागा दे.'

दादा वाद घालायला लागला. केरळ सरकारने क्रीडाक्षेत्रात दोन दिवसांचा दुखवटा जाहीर केलाय, अर्जेंटिनात तीन दिवसांचा आहे, सगळे पेपर त्याला देवच म्हणतायत. तेवढ्यात आतून वहिनी आली, हाताला कणीक तशीच. 'जागा द्यायची तिथे द्या,' ती म्हणाली, 'पण देव लिहिणार असाल तर मी स्वतः खाली येऊन पुसेन. काल काय तारीख होती माहितीये का?' २५ नोव्हेंबर हा स्त्रियांवरच्या हिंसाचाराच्या विरोधातला जागतिक दिवस. वहिनी महिला मंडळात आहे, त्यांचा त्या दिवशी ऑनलाइन कार्यक्रम झाला होता. त्याच आठवड्यात स्पेनमध्ये एका सामन्याआधी सगळ्या मुली मॅराडोनासाठी एक मिनिट शांत उभ्या राहिल्या, तेव्हा एक खेळाडू पाठ फिरवून जमिनीवर बसली. हे तिला नंतर कळलं. फोटो तिने अजून ठेवलाय.

दादाने पुसलं. रागातच पुसलं, पण पुसलं. मैदानाच्या कुंपणाला एक फ्लेक्स लावला, तुम्ही ज्याबद्दल विचारताय तसलाच. नाव, १९६० ते २०२०, आणि दहा नंबरची जर्सी. देव नाही, युगपुरुष नाही. संध्याकाळी काका काठी टेकत तिथे गेले. मोबाइलवर सामना लावून पोरांना आधी हाताचा गोल दाखवला, मग दुसरा. दोन्ही वेळा आवाज तेवढाच चढलेला.

'मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये' हे आपल्याकडे सगळे म्हणतात, मला ते कधी पटलं नाही. आमच्या गावी दहाव्याला घाटावर बसलेली म्हातारी माणसं गेलेल्याचं सगळं काढतात, कोणाची जमीन दाबली तेही आणि कोणाची लग्नं लावून दिली तेही, आणि कावळा शिवला नाही तर हात जोडून उभीही राहतात. त्यांचं रडणं खोटं नसतं. देव करून ठेवला की त्याच्या खोड्यांची लीला होते आणि ज्या बाईला त्रास झाला तिचं बोलणं निंदा ठरतं. म्हणून माझा देव या शब्दाला विरोध आहे, शोकाला नाही.

दादा आता रविवारी पोरांना खेळायला शिकवतो. त्यातल्या एकाने मध्यंतरी विचारलं, तेव्हा व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय तपासणारा पंच, असता तर? दादा म्हणाला, पहिला गोल रद्द झाला असता. ८१ व्या मिनिटाला लिनेकरने इंग्लंडचा गोल केला होता, म्हणजे एक-एक, पुढे जादा वेळ. काका शेजारी खुर्चीवर होते. ते म्हणाले, जादा वेळेतही तोच जिंकला असता. शिल्टन हे मान्य करणार नाही, आणि त्याने का करावं?