रँडी न्यूमनच्या गाण्यांतला ‘मी’

प्रश्न : नातवंडांमुळे ‘टॉय स्टोरी’तले मैत्रीचे गाणे आमच्या घरात सर्वांना पाठ आहे. ते गाणाऱ्या अमेरिकन गायक-संगीतकार रँडी न्यूमनचेच ‘शॉर्ट पीपल’ परवा ऐकले आणि बुटक्या माणसांना जगण्याचे कारणच नाही, हे त्यातले विधान ऐकून धक्का बसला. हे मत गायकाचे नसून पात्राचे आहे, असे मुलगा सांगतो. ही पळवाट नव्हे काय? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : तुमच्याआधी हा आक्षेप पुष्कळांनी घेतला आहे. १९७७ सालचे हे गाणे बिलबोर्ड या अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढले, तेव्हा मेरीलँड राज्यात ते रेडिओवर वाजू नये म्हणून विधेयक आणण्याचाही प्रयत्न झाला होता. नाटकातल्या खलनायकाचे बोलणे आपण नाटककाराच्या माथी मारत नाही. पण पियानोवर बसलेला माणूस स्वतःच्या नावाने, स्वतःच्याच आवाजात ‘मी’ म्हणू लागला की ते त्याचेच मत, असे आपण धरून चालतो. न्यूमनची कारकीर्द या सवयीशी खेळण्यातच गेली.

‘सेल अवे’ (१९७२) ऐका. संथ, जवळजवळ भक्तिगीतासारख्या चालीवर एक गुलामांचा व्यापारी आफ्रिकेतल्या माणसाला अमेरिकेचे वर्णन ऐकवतो : पोटभर अन्न, येशूची गाणी, दिवसभर मद्य, आणि सिंह, वाघ, साप यांचे नावही नाही. (वाघ आफ्रिकेत मुळातच नसतो, पण या गृहस्थाला समोरच्या भूमीची माहिती हवी आहे कुठे?) ‘गुलाम’ हा शब्द तो एकदाही उच्चारत नाही. जहाज चार्ल्स्टनला, म्हणजे अमेरिकेतल्या गुलामांच्या व्यापाराच्या बंदराला, निघाले आहे, एवढे कळले की पुढचे आपल्याला आपोआप कळते, आणि चालीच्या गोडव्याने आपणही क्षणभर भुललो होतो, याची लाज वाटते.

‘रेडनेक्स’ (१९७४; अमेरिकेच्या दक्षिणेतल्या गावंढळ गोऱ्यांना हिणवण्याचा शब्द) मला याहून मोठे वाटते. त्याच दक्षिणेतल्या जॉर्जिया राज्याचे वर्णविद्वेषी राजकारणी लेस्टर मॅडॉक्स यांची टीव्हीवरील मुलाखतीत झालेली फजिती पाहून एक दक्षिणी माणूस चवताळतो आणि मुलाखतकाराला न्यूयॉर्कचा ज्यू म्हणून शिवी हासडतो. प्रत्यक्षात ते मुलाखतकार, डिक कॅव्हेट, नेब्रास्काचे आणि ज्यू नव्हेत. उलट न्यूमन स्वतः ज्यू कुटुंबातला आहे. इतका चुकीचा माणूस शेवटी मात्र हार्लेम, शिकागो, बोस्टन अशी नावे घेत, अमेरिकेच्या उत्तरेनेही कृष्णवर्णीयांना पिंजऱ्यातच ठेवले आहे, हे सुनावतो, आणि ते खरे असते. त्याला हसणारा सुशिक्षित श्रोता तिथे निरुत्तर होतो. न्यूमनचा जन्म लॉस एंजेलिसचा (१९४३), पण आईचे माहेर न्यू ऑर्लीन्स आणि लहानपणीचे उन्हाळे तिथे गेलेले. त्यामुळे ही भाषा त्याच्या कानात होती.

चित्रपटसंगीत हा त्याच्या काकांचा हॉलीवूडमधला धंदा. त्याने तो मागाहून स्वीकारला आणि सोळाव्या नामांकनानंतर, २००२ साली, त्याला पहिले ऑस्कर मिळाले. तुमच्या नातवंडांचा न्यूमन तो हा.

तेव्हा, पळवाट आहे काय? ‘शॉर्ट पीपल’पुरते तुमचे म्हणणे मी अर्धे मान्य करतो. तिथे गाण्याच्या मध्येच दुसरे आवाज येऊन बुटकी माणसेही तुमच्याआमच्यासारखीच आहेत, असे सांगून जातात, म्हणजे कवीने तिथे श्रोत्याचा हात धरला आहे. ‘रेडनेक्स’मध्ये असा हात कोणी देत नाही.