ताटीआड बसून

बाळा, राम कृष्ण हरी.

तुझं पत्र दोनदा वाचलं. आईच्या औषधपाण्याच्या खर्चावरून दादा-वहिनीशी सहा महिने अबोला, जेवणाचं ताट आपल्या खोलीत, आणि हरिपाठ दिवसातून तीन वेळा. वर मलाच विचारतोस, मन निवत का नाही? कसं निवेल? दार लावून बसलायस तू.

मुक्ताबाईची ओळ लिहिलीयस, ‘विश्व रागें झालें वन्ही, संतें सुखें व्हावें पाणी.’ सगळे तेवढीच पाठ करतात. अरे, पण ती म्हणाली कुणाला? लोकांचं बोलणं लागलं म्हणून ज्ञानोबा ताटी, म्हणजे झोपडीचं दार, लावून आत बसले, तेव्हा ही धाकटी बहीण बाहेर उभी राहून विनवत होती. दर अभंगाला एकच हट्ट, ताटी उघडा ज्ञानेश्वरा. पाणी हो की, पण आधी ताटी उघड.

माउलींच्या पालखीत चाललास कधी, तर मुक्कामी समाज आरतीला, सगळ्या दिंड्यांच्या एकत्र आरतीला, थांब. हैबतबाबांनी १८३२ मध्ये या सोहळ्याला शिस्त लावली, तिची गंमत तिथं दिसते. चोपदार हातातला चोप, म्हणजे मानाची काठी, उंच करतो, ‘होऽऽ’ म्हणतो, की एवढे टाळ-मृदंग जागच्या जागी गप्प. फक्त ज्या दिंडीची तक्रार असेल, तिचे टाळ वाजतच राहतात. एका वर्षी आमचे वाजत राहिले होते. पाण्याचा टँकर आमच्यापर्यंत आलाच नव्हता. चोपदार आला, सगळ्यांदेखत ऐकून घेतलं, तोड काढली, तेव्हा कुठं आमचे टाळ थांबले. मग आरती. गाऱ्हाणं गिळून आरतीला उभं राहा, असं कुणी म्हणालं नाही.

आणि हे पाहूनही मी काय केलं? विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून सख्ख्या भावाशी अकरा वर्षं बोललो नाही. वारीत अनोळखी माणसाच्या पाया पडून ‘माउली’ म्हणायचो, घरी आलो की भावाच्या ओट्यासमोरून मान खाली घालून जायचो. गाव मला शांत माणूस म्हणायचं. चूक त्याचीच होती, हे मी आजही म्हणतो. माझ्या पाळीच्या रात्री मोटर तो चालवायचा, भिजलेले वाफे मी पहाटे डोळ्यांनी पाहिलेत. पण एकदाही तोंडावर म्हणालो नाही. आता अर्धांगानं त्याची वाचा गेलीय. रोज संध्याकाळी ओट्यावर जाऊन बसतो, मोटरीचं सगळं सांगतो. तो नुसता बघतो.

म्हणून चिडून लिहितोय, राग मानू नकोस. मानलास तर तसं कळव, गप्प बसू नकोस.

आज रात्री ताट घेऊन बाहेर ये. औषधांची बिलं सोबत आण, आकडा दादासमोर मांड. वहिनी बोलली तर ऐक, तुझं असेल ते बोल. आवाज चढला तर चढू दे, पण पानावरून उठू नकोस. त्या भानगडीत एक वेळचा हरिपाठ चुकला तरी चालेल. माउली काही खाडे मांडत बसत नाहीत.