पहाटे पाचला कुठलं ऊन?

'ताई, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून लिहिते. मुलगी सोळा वर्षांची, अकरावीत आहे. सहा महिने झाले, नुसती आरशात नाहीतर मोबाईलमध्ये पाहते. स्वतःचे फोटो गोरे करून पाहते आणि रडते. तोंडाला दुपट्टा बांधल्याशिवाय कॉलेजात जात नाही. चुलत बहिणीच्या लग्नाला फोटो निघतील म्हणून आलीच नाही. मेडिकलमधून कसलीशी ट्यूब आणून लावते. आधी चेहरा उजळला, आता लाल पडतो, आग होते म्हणते. आम्ही घरात तिला कधी काळी म्हटलं नाही. दिवाळीच्या सुट्टीत चांगली दहा दिवस माझ्यासोबत वेचणीला आली होती, आता वावराचं नाव काढू देत नाही. आधी पहाटे पाचला पोलीस भरतीच्या पोरींसंगं धावायला जायची, पण दिवाळीला नणंद म्हणाली पोरगी उन्हानं काळवंडली, उद्या पाहुणे कसे येतील, म्हणून ते बंद केलं. मोबाईलनं पोरगी बिघडवली. तिला कसं समजावू? एखादी चांगली क्रीम असेल तर तीही सांगा.'

बाई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच ठिकाणी अडकले. धावणं बंद केलं. गॅस बंद केला म्हणावं, तसं लिहून तुम्ही पुढे मोबाईलकडे गेलात.

पहाटे पाचला कुठलं ऊन असतं हो? दिवाळीच्या दिवसांत आपल्याकडे सूर्य उगवायला सव्वासहा होतात. पाच वाजता अंधार असतो, थंडी असते, रस्त्यावर कुत्री असतात. त्या अंधारात धावून पोरगी काळवंडली आणि तिथूनच पुढे दहा दिवस भर उन्हात कापूस वेचला तेव्हा नाही काळवंडली? वेचणीला तुम्ही तिला नेलंत, कारण मजूर मिळत नव्हते, हात हवे होते. तेव्हा रंग आड आला नाही. तिच्या स्वतःच्या कामाच्या वेळीच तो आड आला. हे तिला कळलं नसेल असं समजू नका. सोळाव्या वर्षी सगळं कळतं.

आता महिने मोजा. 'सहा महिने झाले' असं तुम्हीच लिहिता. दिवाळीला किती झाले?

घरात तिला कुणी काळी म्हटलं नाही, हे मी मानते. म्हणायची गरजच उरली नाही. ज्या दिवशी नणंदेच्या एका वाक्यावरून तिचे बूट आत गेले, त्या दिवशी तिला तिच्या जन्मदात्या आईकडून समजलं की ती किती जोरात धावते याला किंमत नाही, ती दिसते कशी याला आहे. त्यानंतर मोबाईलमध्ये चेहरा गोरा करून पाहणारच ती. मोबाईलचं मी कौतुक करत नाही, पण हा धडा त्यानं दिलेला नाही. तो घरात मिळाला.

आणि पाहुणे कसले? पोरगी सोळाची आहे. अठरापर्यंत कायदाच लग्न लावू देत नाही आणि पुढेही घाईचं कारण नाही. आपल्याकडे बायोडाटावर अजून 'वर्ण : निमगोरा' लिहितात, सावळ्या पोरीचाही निमगोराच लिहितात. १९७५ पासून घराघरात असलेल्या फेअर अँड लव्हलीनं २०२० मध्ये नावातला 'फेअर' काढला, पण आपल्या बायोडाट्यातला तो रकाना काही निघाला नाही. पोलीस भरतीच्या फॉर्मवर मुलीची उंची विचारतात, १५५ सेंटीमीटर लागते. ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक, मैदानाचे मिळून ५० गुण. वर्ण कुणी विचारत नाही. तीस टक्के जागा महिलांच्या आहेत. तुमची पोरगी अठराची होईपर्यंत दोन वर्षं हातात होती, त्यातले सहा महिने तुम्ही घालवले.

ट्यूबचं मात्र आजच्या आज पाहा. आधी उजळला, मग लाल पडला, आग होते, हे वाचून माझ्या पोटात गोळा आला. ट्यूबच्या पाठीमागे बारीक अक्षरात बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन यातलं काही लिहिलंय का बघा. ही स्टिरॉइडं आहेत. त्यांनी कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून सुरुवातीला चेहरा उजळल्यासारखा दिसतो. मग कातडी पातळ होते, पुरळ येतं, गालावर लाल रेषा दिसतात, लव वाढते आणि लावणं थांबवलं की आणखी भडकतं. अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, पण विकतात. एकदम थांबवलं की भडकतं, म्हणून ट्यूब हिसकावून फेकू नका. तिला आणि ट्यूबला घेऊन यवतमाळच्या सरकारी मेडिकल कॉलेजात कातडीच्या डॉक्टरला दाखवा. बिनलेबलची डबी तर घरात येऊच देऊ नका. आपल्या विदर्भातल्याच अकोल्यात एकाच घरातल्या तिघींच्या किडन्या गोरं करणाऱ्या क्रीमनं बिघडल्या, मुंबईच्या केईएममध्ये तपासलं तर क्रीममध्ये पारा निघाला. २०२३ मध्ये पेपरात सगळीकडे आलं होतं. तुम्ही चांगली क्रीम विचारलीत. मी एकही सांगणार नाही.

माझी आजी मला साय-हळद चोळायची, मला आवडायचं. पण चोळून झालं की म्हणायची, जा खेळ.

तर आता करायचं एकच. आज रात्री भाकरी झाल्यावर तिच्याजवळ बसा आणि सांगा, 'मी चुकले. उन्हाचं नाव खोटं होतं, मी आत्याच्या बोलण्याला भ्याले.' तू सुंदरच आहेस वगैरे काही म्हणू नका, ती विश्वास ठेवणार नाही. तिला विचारा, ८०० मीटरला तुझा किती वेळ लागायचा? तुम्हाला माहीत नाही, हो ना? तिला पक्का आठवत असेल, सेकंदासकट.

पहाटे साडेचारला तिला उठवा आणि स्वतः सोबत जा. नणंदेला कळू द्या. पोरगी आधी नाही म्हणेल. मग दुपट्टा बांधून धावते म्हणेल. धावू द्या, अडवू नका. दुसऱ्या फेरीत दम लागला की ती स्वतःच तो तोंडावरून खाली ओढेल, नाही ओढला तर परवा ओढेल. तुम्ही रस्त्याच्या कडेला तिचाच मोबाईल घेऊन उभ्या राहा आणि वेळ लावा.

बूट कुठे ठेवलेत ते तुम्हालाच माहीत. पत्रा असो, माळा असो, झोपायच्या आधी काढा आणि झटकून उंबऱ्यापाशी ठेवा. सहा महिन्यांत पाय वाढला असेल तर शनिवारी बाजारातून नवे आणा.