प्रॅक्टिकल शूटिंगच्या स्पर्धेत मी प्रॉडक्शन गटात (साध्या, फारसे बदल न केलेल्या पिस्तुलांच्या) खेळतो. ९ मिमीची काडतुसं स्वतः भरताना बुलेट १२४ ग्रेनची घ्यावी की १४७ची, आणि पावडर कोणती?

१४७ घ्या, लवकर जळणारी पावडर घ्या, आणि पॉवर फॅक्टर (बुलेटचं ग्रेनमधलं वजन गुणिले फूट प्रति सेकंदातला वेग, भागिले हजार) १३०च्या खाली आणू नका. शेवटचं तुम्ही विचारलेलं नाही, पण मी लिहायला बसलोय ते त्याच्यासाठीच.

तुम्ही प्रॉडक्शन खेळता म्हणता, म्हणजे गुण सगळ्यांनाच मायनरचे, कमी जोराच्या काडतुसांसाठीचे. किमान लागणारा १२५ पॉवर फॅक्टर गाठला की पुढे जोर वाढवून एक गुणही जास्त मिळत नाही. १२४ ग्रेनला त्यासाठी १००९ फूट प्रति सेकंद वेग लागतो, १४७ला ८५१. बुलेटचा संवेग दोन्हीकडे सारखाच, खरा फरक पावडरचा. हलक्या बुलेटला पावडर जास्त लागते, आणि तिचा वायू बुलेटपेक्षा कितीतरी वेगाने नळीबाहेर पडतो. त्याचाही धक्का आपल्याच मनगटाला. म्हणून जड बुलेट आणि मोजकीच चपळ (लवकर जळणारी) पावडर असली की धक्का मऊ लागतो. काहींना १४७वर स्लाइड (पिस्तुलाचा वरचा, मागेपुढे सरकणारा भाग) आळसावल्यासारखी वाटते, ते १२४वर परत जातात. त्यांचंही चूक नाही. ११५ आणि सावकाश जळणारी पावडर मात्र ओपनवाल्यांना, म्हणजे हवे ते बदल केलेली पिस्तुलं चालतात त्या गटाला, सोडा. त्यांच्या कॉम्पेन्सेटरला (वायू वर सोडून नळी खाली दाबणाऱ्या तोंडावरच्या भागाला) वायू हवा असतो, तुमच्या पिस्तुलावर त्याचा नुसता भडका होईल.

माझं काय झालं, तर मला या मऊपणाची चटक लागली. दर खेपेला पावडर थोडी कमी करत गेलो. उन्हाळ्यात दुपारी क्रोनो (गोळीचा वेग मोजायचं यंत्र) लावला, सरासरी ८६२ आली. १४७ गुणिले ८६२, भागिले हजार, म्हणजे १२६. झालं की! माझा जोडीदार म्हणाला, ‘‘१३०च्या वर राहा रे.’’ मी त्याला भित्रा म्हणालो.

सामन्याच्या दिवशी सकाळी कडाक्याची थंडी. क्रोनोच्या टेबलावर तपासणीसाठी माझे आठ राउंड (भरलेली काडतुसं) गेले. एकाची बुलेट काढून तोलली: १४६.६. डब्यावर १४७ छापलेलं, आणि मी हिशोब छापलेल्या आकड्यावर केलेला. मग तीन राउंड झाडले: ८४७, ८४२, ८३९. नापास. आणखी तीन: ८५३, ८५०, ८४४. सहांतले सर्वांत वेगवान तीन धरले तर सरासरी बरोबर ८५०, पॉवर फॅक्टर १२४.६१. दशांश सोडून देतात. १२४.९९ आलं तरी ते १२४च.

उरला एक राउंड. नियमाप्रमाणे खेळाडूने ठरवायचं: तो तोलायचा की झाडायचा. तोलून बुलेट १४७.१ भरली असती तर मी पास. झाडून ८५५ आला असता तरी पास. जोडीदार मागून पुटपुटत होता, ‘‘तोल, तोल.’’ मी म्हटलं, झाडा. ८४९ आला.

पुढचे सगळे स्टेज खेळू दिले, पण निकालात नाव नाही. त्या दिवशी मी आयुष्यातलं सर्वांत चांगलं नेमबाजीचं काम केलं होतं, हे आता कुणाला पटवणार?

नंतर शोधलं तेव्हा कळलं की दोष १४७चा नव्हताच. थंडीत काही पावडरींचा वेग पडतो, हा एक भाग. दुसरा मला कुणी सांगितलाच नव्हता: थोडी पावडर केसमध्ये (काडतुसाच्या पितळी नळकांड्यात) भरली की बरीच जागा रिकामी राहते आणि पावडर आत सरकते. मी सरावात प्रत्येक गोळीआधी नळी वर करून मग खाली आणायचो. त्यामुळे पावडर प्रायमरकडे (केसच्या मागच्या, ठिणगी देणाऱ्या टोपीकडे) साचायची आणि वेग चढा यायचा. टेबलावरचा अधिकारी पिस्तूल खालून वर आणून झाडत होता, पावडर बुलेटकडे. तुम्ही क्रोनो लावाल तेव्हा दोन्ही तऱ्हेने मोजा आणि कमी आकडा खरा माना. पावडर निवडताना माझी आता हीच कसोटी आहे. या दोन आकड्यांतलं अंतर जिच्यात कमी, ती पावडर माझी, मग ती जरा घाण का करेना.

राहता राहिला तोलायचं की झाडायचं हा वाद. जोडीदार अजून दर सामन्याला तो उकरून काढतो. म्हणून मी त्याच डब्यातल्या शंभर बुलेट एकेक करून तोलल्या. १४७.१ किंवा जास्त भरल्या फक्त अकरा. कागद त्याच्यासमोर टाकला. तो म्हणाला, ‘‘अकरा म्हणजे शून्य नव्हे. आणि सहांत एकदाही न आलेला ८५५ सातव्याला येईल, हे तू कशावरून ठरवलंस?’’ यावर माझ्याकडे उत्तर नाही, पण मी पुन्हा झाडाच म्हणेन. तोललेली बुलेट हलकी निघाली असती तर तो काय म्हणाला असता, हेही मला ठाऊक आहे.

हो, एक राहिलंच. माझ्या किंवा कुणाच्याही पावडरीचं वजन उचलू नका, मी म्हणून दिलेलंच नाही. मॅन्युअलमधल्या सुरुवातीच्या आकड्यापासून चढत जा, आणि बुलेटचा प्रकार बदलला की पुन्हा पहिल्यापासून. १४७ लांब असते, केसमध्ये खोल जाते. थोडी जास्त दाबली गेली तरी चपळ पावडरीवर दाब भलताच चढतो. आणि या पावडरी इतक्या कमी लागतात की चुकून दोनदा पडली तरी केसमध्ये मावते. बुलेट बसवण्याआधी प्रत्येक केसमध्ये डोकावून बघा, काडतुसं भरायचा प्रेस कितीही भारी असला तरी.