दोघं कमावतो, तरी पैशावरून भांडण का?

“मॅडम, दोघंही कमावतो, व्यसन कुणालाच नाही. तरी वीस तारीख उलटली की घरात भांडण ठरलेलं.” असं सांगणारी जोडपी माझ्याकडे सतत येतात. त्यातल्याच एका जोडप्याची ही हकिगत. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

तो पिंपरीतल्या कारखान्यात, हातात 58,000 येतात. ती शिक्षिका, तिला 32,000. चिंचवडला फ्लॅट, त्याचा हप्ता 24,500. मुलगी दुसरीत. त्याच्या मोबाईलवर क्रेडिट कार्डाच्या 72,000 थकबाकीचा मेसेज तिने वाचला आणि दोघांचं बोलणं बंद झालं.

पहिल्याच भेटीत मी बजेट मांडत नाही. दोघांना वेगळे कागद दिले आणि घरचा महिन्याचा खर्च एकमेकांचं न बघता लिहायला सांगितला. किराणा, दूध, भाजी यापुढे त्याने 7,000 लिहिले, तिने 14,000. कागद शेजारी ठेवल्यावर ती म्हणाली, “म्हणजे उरलेले सात हजार मी उडवते असं वाटायचं तुम्हाला?” त्याच्याकडे उत्तर नव्हतं. त्याच्या कागदावर ‘गावाकडे’ या शब्दापुढे आधी 3,000 लिहून, खोडून, 8,000 केलेले होते. साताऱ्याकडच्या गावी आईवडिलांना तो खरे आठ हजार पाठवायचा. तिला तीनच माहीत होते. मग महिनाअखेरीला जे कमी पडायचं ते कार्डावर. आणि तिची शाळेतल्या मैत्रिणींबरोबर महिना 5,000 ची भिशी होती, ती त्याला ठाऊक नव्हती.

दोघांनीही लपवलं ते एकाच धास्तीने: विचारलं तर नाही म्हणतील. ही धास्ती तशीच ठेवून हिशेबाची वही घातली, तर वहीतही खोटेच आकडे येतात. म्हणून आईवडिलांचा खर्च आम्ही घरखर्चाच्या यादीत अगदी वर घेतला. त्याच्या घरी 8,000, तिच्या आईला 2,000. ती आधी गप्प झाली, मग म्हणाली, “हे सांगितलं असतं तर मी अडवलं नसतं.” तो म्हणाला, “पहिल्या वर्षी अडवलं होतंस.” तेही खरं होतं, आणि ते बोलून व्हायलाच हवं होतं.

मग कार्ड. किमान रक्कम भरतोय म्हणजे कर्ज फिटतंय, असा त्याचा समज होता. महिना साडेतीन टक्के दराने 72,000 वर व्याज 2,520, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे जवळपास 2,970. तो भरत होता 3,600. मुद्दल जेमतेम सहाशेने कमी व्हायचं, आणि थकबाकी असताना केलेल्या नव्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज चढायचं. हे कागदावर पाहून तो खरोखर हादरला.

दोन महिन्यांनी तिची भिशी लागणार होती, 50,000. हिशेबाने ते पैसे थेट कार्डात जायला हवे होते. मी तसं सुचवलं नाही. तिने विश्वासाने उघड केलेली पहिली रक्कम त्याच्या लपवलेल्या कर्जात गेली असती, तर पुढे तिने काहीच उघड केलं नसतं. त्याने कारखान्यातल्या पतसंस्थेकडून कमी व्याजाचं कर्ज काढून कार्ड फेडलं आणि बंद केलं. भिशीच्या पैशातून अडीअडचणीचा निधी सुरू करायचं तिने आपणहून ठरवलं.

घरखर्च ठरला 63,000. त्यात शाळेची फी, विम्याचा हप्ता, गणपतीला गावी जाणं, दिवाळी या वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चांचा बारावा हिस्साही धरला. बहुतेकांचं बजेट कोसळतं ते तिथेच. निम्मे-निम्मे करू नका, असं माझं आग्रहाचं सांगणं असतं. कमाईच्या प्रमाणात त्याने 40,600 आणि तिने 22,400 संयुक्त खात्यात टाकायचे ठरले. स्वतःच्या खर्चाला मात्र दोघांना सारखेच, 3,000. त्याचा हिशेब कुणी कुणाला मागायचा नाही. ही रक्कम चैन समजून कापू नये. ती नसली की लपवाछपवी पुन्हा सुरू होते. उरलेल्यातून पतसंस्थेचा हप्ता, भिशी, आणि तीन महिन्यांचा घरखर्च साठेपर्यंत निधीत भर.

भांडणं अजून होतात. मुलीच्या डान्स क्लासवरून परवाच झालं. पण आता दोघांसमोर एकच आकडा असतो.

घरात एकच कमावतं असेल, तरी घर सांभाळणाऱ्याच्या खात्यात ही स्वतःची रक्कम पगाराच्या दिवशीच जमा व्हावी, मागावी लागू नये. मात्र नवरा बायकोचा पगार काढून घेत असेल, एटीएम कार्ड स्वतःकडे ठेवत असेल, घरखर्चालाही पैसे देत नसेल, तर बजेटचा कागद बाजूला ठेवा. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणाऱ्या 2005 च्या कायद्यात आर्थिक छळही येतो. अशा वेळी या कायद्याखाली सरकारने नेमलेल्या आपल्या भागातल्या संरक्षण अधिकाऱ्यांना भेटा. एकटीने जायची भीती वाटत असेल, तर विश्वासातलं कुणी सोबत न्या.